आग रामेश्वरी, रिस्टार्ट सोमेश्वरी



कॉम्प्युटरच्या कुठल्याही विद्यार्थ्याला घरचे, शेजारचे, लग्नात भेटलेले दूरचे मामा हमखास एक प्रश्न विचारतात. "आमचा पीसी हँग होतोय रे, काय करू?" आणि तो पठ्ठ्या हमखास एकच उत्तर देतो. "बंद करून चालू करा." मामा खूश, भाचाही खूश. चार वर्षांची फी भरून आम्ही एवढंच शिकतो की काय, असं मेकॅनिकलवाले आम्हाला चिडवतात. यंदाच्या जुलैपर्यंत मीही त्यांना चिडून उत्तर द्यायचो. आता देत नाही. कारण त्यांचं बरोबर आहे, आणि ते किती बरोबर आहे हे मला एका ज्युनिअरने पहाटेच्या लोकलचा पास दाखवून शिकवलं.

प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. हॉस्टेलच्या उरलेल्या चाळीस जागांसाठी ऑनलाइन अर्ज. रात्री ९ वाजता साइट उघडणार, जो पहिला येईल त्याला खोली. ही साइट आम्ही चार विद्यार्थ्यांनी मिळून बांधली होती आणि सर्व्हर सांभाळायची जबाबदारी माझी होती. मी डे स्कॉलर. म्हणजे तुम्ही सगळे हॉस्टेलच्या जिन्यात मोबाइल हातात धरून बसला होतात, तेव्हा मी ठाण्यात, टेंभी नाक्यावर, स्वतःच्या घरी, स्वतःच्या कॉटवर मांडी घालून लॅपटॉपसमोर होतो. बाजूला आईने ठेवलेला चहा.

९ वाजून १ मिनिटाने साइट मंदावली. ९ वाजून ३ मिनिटांनी पान उघडेना. ग्रुपवर तुमच्या शिव्या सुरू झाल्या (त्या मी सगळ्या वाचल्या, त्यातल्या दोन-तीन तर माझ्यासाठी नवीनच होत्या). मी 'टॉप' ही कमांड दिली, सीपीयू शंभर टक्के दिसला, मेमरी संपलेली दिसली. बास, रोग कळला! ९ वाजून ५ मिनिटांनी वेब सर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही रिस्टार्ट केले. दहा सेकंद सगळं छान चाललं. मग पुन्हा तेच. मी पुन्हा रिस्टार्ट केलं. पावणेदहापर्यंत एकूण सात वेळा. चाळीस जागा कशाबशा भरल्या, मी ग्रुपवर 'साइट अप आहे' असं टाकलं आणि झोपलो. मनात असं, की मी आज किल्ला लढवला.

तीन आठवड्यांनी मुरबाडकडचा एक सेकंड इयरचा मुलगा लॅबबाहेर भेटला. म्हणाला, "दादा, मी ९ वाजून ४ मिनिटांनी फॉर्म भरला होता. पावती नंबर टाकला, सबमिट दाबलं, चाक फिरत राहिलं. नंतर यादीत नावच नाही." मी डेटाबेस उघडून बघितला. पावतीच्या टेबलमध्ये त्याची नोंद होती, ९ वाजून ४ मिनिटांची. खोलीच्या टेबलमध्ये नव्हती. दोन नोंदींच्या मधे माझं पहिलं रिस्टार्ट आडवं आलं होतं. बँकेत एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आधीच दिवे गेले, तर जे होईल तेच. असं होऊ नये म्हणून दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायच्या असतात, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. हे आम्हाला डीबीएमएसच्या पेपरात १० मार्कांना येतं. आम्ही ते लिहितोही. करत मात्र नाही.

तोवर जागा भरल्या होत्या. खोलीची नोंद नाही म्हणजे अर्ज नाही, असा नियम. तो मुलगा पहिलं सेमिस्टर मुरबाडहून पहाटेची एसटी पकडून कल्याण, तिथून लोकल, असा येत होता. बाहेर कॉट बेसिसवर राहणं घरच्यांना परवडणारं नव्हतं. त्याने तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही. फक्त पास दाखवला. मला वाटतं त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी आमच्या लॅबमधल्या सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "रिस्टार्ट करायच्या आधी काय काय बघितलंस?"

"टॉप बघितलं सर. सीपीयू शंभर, मेमरी फुल."

"कोणती प्रोसेस खात होती?"

"..."

"अरे, पेशंट तापाने फणफणलाय, आणि ताप कशाने आलाय ते न बघता तू त्याला सात वेळा गार पाण्याने आंघोळ घातलीस. वर म्हणतोस, दर वेळी दहा सेकंद बरं वाटत होतं."

आमच्या नशिबाने त्या मशिनवर 'सार' नावाचा प्रोग्राम चालू होता. तो दर दहा मिनिटांनी सीपीयू, मेमरी, डिस्क यांचे आकडे गुपचूप लिहून ठेवतो. कोणत्या प्रोसेसने किती खाल्लं हे मात्र त्यात नव्हतं. तो पुरावा मी स्वतःच सात वेळा पुसून टाकला होता. म्हणून दुसऱ्या मशिनवर तोच कोड टाकून, तेवढीच गर्दी खोटी खोटी निर्माण करून आम्ही ती रात्र पुन्हा उभी केली. त्यातून जे निघालं ते सांगतो, कारण उद्या तुमच्यापैकी कोणीतरी त्या खुर्चीत बसणार आहे.

आधी सीपीयू. 'शिल्लक जागा' दाखवणारं पान दर पाच सेकंदांनी आपोआप रिफ्रेश व्हावं, ही आयडिया माझी. किती आधुनिक! ६०० मुलं, दर पाच सेकंदांनी एकदा, म्हणजे सेकंदाला १२० मागण्या. आणि प्रत्येक मागणीला ते पान आधी तपासत होतं की या मुलाची मेसची थकबाकी आहे का. मेसच्या टेबलमध्ये काही वर्षांच्या जेवणांच्या मिळून ९ लाख ओळी होत्या आणि रोल नंबरवर इंडेक्स नव्हता. म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीत एक आडनाव शोधायला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जायचं, असं सेकंदाला १२० वेळा. सरांनी मोजलं, मशीन रिकामं असताना एका तपासणीला १.२ सेकंद. १२० गुणिले १.२ म्हणजे १४४. दर सेकंदाला १४४ सेकंदांचं काम येत होतं आणि आमच्या मशिनला कोअर होते दोन! यात रिस्टार्ट काय करणार, साक्षात ब्रह्मदेव आला असता तरी तो लाइनीत उभा राहिला असता.

आता मेमरी. इथे माझं अज्ञान जरा जास्तच उघडं पडलं. 'फ्री' कमांडमध्ये 'फ्री'च्या रकान्यात आकडा छोटा दिसला की आपण घाबरतो. पण लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवत नाही, वाचलेल्या फाइली तिथे जपून ठेवतो आणि कोणी मागितली की जागा सोडतो. म्हणून बघायचा रकाना 'अव्हेलेबल'चा. आणि खरा ताप बघायचा तो 'व्हीएमस्टॅट'मधल्या 'एसआय' आणि 'एसओ' या दोन रकान्यांत. तिथे आकडे सतत नाचत असतील तर मेमरी खरंच संपली आहे आणि मशीन डिस्कवर स्वॅप करत बसलं आहे. त्या रात्री ते नाचत होते. कारण? आमच्या अपाचेला एका वेळी २५६ जणांना आत घ्यायची मुभा होती. आपण बदललं नाही तर तो आकडा तसाच राहतो. आमची पीएचपीची एक प्रोसेस साधारण ४० एमबी खात होती. २५६ गुणिले ४० म्हणजे १० जीबीच्या वर. मशीनमध्ये रॅम होती ४ जीबी.

म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते आणि ते एकमेकांना पोसत होते. क्वेरी हळू, म्हणून माणसं आत अडकलेली. माणसं अडकलेली, म्हणून नवीन प्रोसेस. नवीन प्रोसेस, म्हणून मेमरी संपली. मेमरी संपली, म्हणून डिस्क. डिस्क, म्हणून क्वेरी अजून हळू! आग लागली होती इंडेक्समध्ये आणि मी बंब नेत होतो पॉवर बटणावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ते हेच. शिवाय प्रत्येक रिस्टार्टनंतर डेटाबेसने मेमरीत जपलेलं सगळं पुसलं जात होतं, म्हणजे तो थंड इंजिनावर सुरुवात करत होता, आणि त्याच क्षणी वैतागलेली ६०० बोटं रिफ्रेशवर पडत होती.

उपाय? रोल नंबरवर इंडेक्स टाकायला कोडची एक ओळ लागली. १.२ सेकंदांचे ५ मिलिसेकंद झाले. रिफ्रेश पाच सेकंदांचं साठ सेकंदांवर नेलं. दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या. चौथा उपाय सरांनी सांगितला तेव्हा मात्र मी वाद घातला. ते म्हणाले, "२५६ चे ६० कर."

"सर, गर्दी वाढली की आत घ्यायची माणसं कमी करायची? उलटं नाही का होत?"

सर म्हणाले, "हिशोब कर." डेटाबेस आणि सिस्टिमला दीड जीबी सोडली, उरली अडीच. भागिले ४० एमबी. उत्तर साठच्या आसपासच येतं. हिशोब पटला, पण मन मानेना. मनाला पटलं ते नवरात्रात, आणि तेही घराच्या खाली उतरून.

टेंभी नाक्याचं नवरात्र ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. १९७८ साली आनंद दिघे यांनी सुरू केलेला हा उत्सव. नऊ दिवस आमच्या नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. स्टेशनकडून माणसं येतात, कळव्याहून येतात, डोंबिवलीहून लोकलने येतात. दरवर्षी बघतो तरी कधी नीट बघितलं नव्हतं. यंदा आजीबरोबर दर्शनाच्या रांगेत उभा होतो. पुढे एक स्वयंसेवक दोरी धरून उभा. थोडी माणसं आत सोडायचा, दोरी आडवी धरायचा. आत गेलेली माणसं नमस्कार करून दुसऱ्या बाजूने बाहेर पडली की पुन्हा थोडी सोडायचा. मागून एक काका ओरडले, "अहो, सोडा की सगळ्यांना, आत जागा दिसतेय!" तर आजी मला हळूच म्हणाली, "दोरी सोडली ना, तर कोणालाच दर्शन नाही मिळायचं बघ. आतले आतच अडकतील."

मी रांगेत उभ्या उभ्या हसलो. जो हिशोब मला डोक्याने पटला होता, तो आजीला कधीपासून माहीत होता.

या रांगेचं गणितही आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली ते सिद्ध करून दाखवलं. कुठल्याही ठिकाणी सरासरी किती माणसं असतील? मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला लागणारी मिनिटं. नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवर मिनिटाला १० जण येत असतील आणि प्रत्येक जण २ मिनिटांत निघत असेल, तर गाडीभोवती कायम २० जण. तेल गार पडलं, प्रत्येकाला ६ मिनिटं लागायला लागली, तर ६०, आणि रस्ता बंद. आता गाडीवाल्याने काय करायचं? गाडी बंद करून चालू करायची, मोठा रस्ता मागायचा, की तेल तापवायचं?

"पण रॅम वाढवली असती तर?" हा प्रश्न मला कमिटीतही विचारला गेला. अहो, १६ जीबी टाकली असती तर २५६ जण आरामात आत बसले असते, खरं आहे. पण काम १४४ कोअरचं आणि कोअर दोन, हे तसंच राहिलं असतं. सगळे आत बसून वाट बघत राहिले असते, एवढाच फरक. रॅम लागते तेव्हा घ्यावीच, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण न मोजता घेतलेली रॅम आणि न बघता केलेलं रिस्टार्ट ही सख्खी भावंडं आहेत.

हे फक्त आमच्या पोरखेळ साइटचं झालं असं समजू नका. १६ जुलै २०२१ आठवतोय? दहावीचा निकाल. कोरोनामुळे परीक्षा रद्द, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल, विद्यार्थी पावणेसोळा लाखांच्या आसपास, निकाल ९९.९५ टक्के. दुपारी १ वाजता निकाल लागला आणि निकालाच्या साइट कोलमडल्या. संध्याकाळपर्यंत कित्येकांना आपले मार्क दिसले नाहीत. त्याच महिन्यात अकरावीच्या सीईटीच्या नोंदणीची साइटही तांत्रिक कारणाने काही दिवस बंद ठेवावी लागली. त्या बॅचची बरीच मुलं पुढे इंजिनिअरिंग कॉलेजांत आली, विचारा त्यांना. यात आपल्यासारख्यांनी विचार करण्याची गोष्ट ही, की निकाल एकदा लागला की बदलत नाही. जे बदलत नाही ते आधीच तयार करून ठेवता येतं, पानं कॅशमध्ये ठेवता येतात, दर वेळी डेटाबेसला उठवायची गरज नसते.

आणि मोठ्यांचंही असंच होतं बरं का. अमेरिकेच्या सरकारने आरोग्य विम्याची साइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडली. पहिल्या दिवशी किती जणांची नोंदणी पूर्ण झाली? सहा. पुढे दुरुस्तीसाठी जी टीम आली तिला आढळलं की साइटची तब्येत एका जागी दाखवणारा बोर्डच कोणाकडे नाही! त्यांनी आधी तो उभा केला आणि मग दुरुस्तीला हात घातला. एवढे पैसे, एवढी माणसं, आणि चूक तीच जी मी टेंभी नाक्यावर चहा पीत केली. आधी बघितलं नाही.

आता माझं म्हणणं, स्पष्ट. रिस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे. कधी कधी ते करावंच लागतं, मशीन अजिबात ऐकत नसेल तर दुसरा इलाज नसतो. पण त्याआधीची दोन मिनिटं आपली असतात. त्या दोन मिनिटांत 'टॉप', 'फ्री', 'व्हीएमस्टॅट', डेटाबेसमध्ये चालू असलेल्या क्वेरींची यादी आणि लॉगच्या शेवटच्या पाचशे ओळी, एवढं एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. मग खुशाल रिस्टार्ट करा. ती दोन मिनिटं साइट बंद राहिली म्हणून कोणाची खोली जात नाही. मी घाईने केलेल्या रिस्टार्टने गेली.

यातून कॉलेजकडे तीन मागण्या. पहिली, प्रत्येक सर्व्हरशेजारी एक रजिस्टर असावं. कोणी रिस्टार्ट केला, किती वाजता, आधी काय दिसलं, हे लिहिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. साधं दोनशे पानी चालेल. दुसरी, विद्यार्थ्यांनी बांधलेली कुठलीही साइट उघडण्याआधी तिच्यावर खोटी गर्दी सोडून बघावी. त्यासाठी लागणारा 'अपाचे बेंच' फुकट मिळतो आणि एक संध्याकाळ पुरते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्यात एकही कमांड नाही. हॉस्टेलची जागा ही 'पहिला येईल त्याला' अशी देऊच नये. तीन दिवस अर्ज घ्या, मग अंतर, घरची परिस्थिती, मार्क, जो काही निकष असेल तो लावून यादी काढा. ९ वाजता गर्दी सर्व्हरने केली नव्हती, आपल्या नियमाने केली होती. ज्याचं नेटवर्क चांगलं त्याला खोली, हा कुठला न्याय? मुरबाडच्या मुलाला खोलीची गरज जास्त, आणि त्याच्याच गावात रेंज कमी!

तिसऱ्या मागणीवर काही हॉस्टेलवासी नाराज होतील, मला माहीत आहे. फास्ट नेट असलेल्यांना जुनाच नियम बरा. त्यांना एवढंच सांगतो, रांगेत पुढे असणाऱ्यालाही दोरी कधीतरी नकोशी वाटते.

त्या ज्युनिअरला दुसऱ्या सेमिस्टरला एक जागा रिकामी झाली तेव्हा खोली मिळाली. मी माझी चूक लेखी दिली होती, ९ वाजून ४ मिनिटांच्या त्या अर्ध्या नोंदीच्या प्रिंटआउटसह. परवा कॅन्टीनमध्ये भेटला. म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी सर्व्हर कोण बघणार?" मी म्हटलं, "तू बघ. पण आधी बघ, मग हात लाव."

तो हसला आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले. दिले. अजून बरेच द्यायचे आहेत.

— एक डे स्कॉलर, तृतीय वर्ष, संगणक